सगळ्या वाडीची खुर्ची

भामा कातकरणीला पनवेलच्या बाजारात सगळे ओळखून होते. डोक्यावर लाकडाची मोळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, आणि तोंड असं की घासाघीस करणाऱ्याची पुन्हा तिच्या वाटेला जायची छाती होऊ नये. पावसाळ्यात ती रानभाज्या आणि खेकडे आणायची, एरवी लाकूडफाटा. जाताना करंजा बंदरावरच्या कोळणींकडून सुकट घ्यायची आणि डोंगराची वाट धरायची. कुणी "जरा जास्तच सांगतेस हं" असं म्हटलं, की उतरवलेली मोळी परत डोक्यावर चढायची आणि भामा चालू लागायची. मागून हाका आल्या तरी वळायची नाही. एवढ्याशा बाईला ताठा केवढा, असं म्हणून बाजारातल्या बायका नाक मुरडायच्या. त्यांच्या मते गरिबानं वाकून चालायला हवं, डोक्यावर ओझं असो की नसो.

हा ताठा तिला कुठून आला ते सांगायला हवं. लग्न होऊन नवी नवी आली तेव्हापासून ती कमळाकरच्या घरी मोळी टाकत होती. कमळाकर म्हणजे वह्या-पुस्तकांचा दुकानदार, गावात वजन असलेला माणूस. त्याच्या घराच्या मागच्या पडवीत मोळी उतरवायची, आणि तहान लागली तर ओंजळ पुढे करायची. घरातली बाई वरून पाणी सोडायची, हात लागू नये इतक्या उंचावरून. अर्धं पाणी ओंजळीत, अर्धं लुगड्यावर. इतक्या वर्षांत "टेक जरा" असं त्या पडवीत तिला कुणी म्हटलं नाही. पडवीत बाकडं होतं, त्यावर मांजर झोपायचं.

भामानं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. आमच्या वाडीत आलेला माणूस, मग तो कुणीही असो, जमिनीवर बसणार नाही आणि ओंजळीनं पाणी पिणार नाही.

कुंभ्याची वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी कारवीच्या कुडाच्या झोपड्या. तिथे खुर्च्या कुठल्या? सबंध वाडीत खुर्ची एक. ती दाजीची. दाजी हा भामाच्या नवऱ्याचा थोरला चुलता. कळंबोलीच्या लोखंडबाजारात ट्रकमधून सळया उतरवता उतरवता त्याच्या पायावर सळई पडली, पाय कायमचा अधू झाला, आणि तिथल्या कुणा शेटनं मोठ्या मनानं त्याला गोदामातली मोडकी लोखंडी खुर्ची देऊन घरी पाठवलं. पायाच्या बदल्यात खुर्ची! तिच्या एका हाताचं लाकूड निघून गेलं होतं, म्हणून दाजीनं तिथे लाल चिंधी गुंडाळली होती.

पण खुर्ची दाजीची, हे नुसतं म्हणायला. वाडीची रीतच अशी होती, की पाहुणा ज्याच्या घरी, वाडीतली चांगली वस्तू त्याच्या घरी. मुलगी बघायला माणसं आली की दाजीची खुर्ची तिथे जायची, भामाचा स्टीलचा तांब्या तिथे जायचा, कुणाचा रेडिओ, कुणाची नवी गोधडी. पाहुणे गेले की सगळं आपापल्या घरी परत. यात कुणाला फसवलं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. पाहुणा एका घरचा नसतो, वाडीचा असतो.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. पावसाळ्यात वाडीच्या खालून ओढा असा वाहायचा की पलीकडच्याची हाक ऐकू येऊ नये. होळी झाली की तोच ओढा कोरडा ठणठणीत. मग वाळूत खड्डा खणायचा, पाणी झिरपेपर्यंत काठावर बसायचं, आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. धडधाकट माणसं तेव्हा आपटा गावाकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असायची. पनवेलच्या भोवती मुंबईच्या नोकरदारांसाठी नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्या विटा हीच माणसं पाडत होती. त्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरही नळाला पाणी. वाडीत मागे राहायच्या त्या म्हाताऱ्या, आजारी आणि पोटुशा बाया, आणि चढावरून हंडे आणायचे त्यांनीच.

एका वैशाखात भामाची सून साळू तो चढ चढताना हंड्यासकट घसरली. सातवा महिना होता. पोर गेलं. साळू वाचली, पण त्यानंतर कितीतरी दिवस ती कुणाशी बोलली नाही. भामा रडली नाही. ती एवढंच म्हणाली, की हिच्या पुढच्या खेपेला वाडीत पाणी आलं पाहिजे. मग त्यासाठी ती ज्याच्या त्याच्या दाराशी गेली. कमळाकरच्यासुद्धा.

कमळाकर तोपर्यंत नुसता दुकानदार राहिला नव्हता. आदिवासींच्या उद्धारासाठी त्यानं एक मंडळ काढलं होतं. मंडळाचा उद्धार असा, की दिवाळीच्या आधी गावातल्या बायकांनी टाकून दिलेली कापडं गोळा करायची, वाडीत नेऊन वाटायची आणि वाटताना फोटो काढून घ्यायचा. कापडं एकदा वाटायची, फोटो वर्षभर दाखवायचे. त्या फोटोंच्या जोरावर त्याला हार पडले, भाषणं मिळाली, आणि शेवटी सत्त्याण्णव साली मुंबईची एक संस्था त्याला शोधत आली.

ही संस्था लोकांचं जीवनमान मोजायची. म्हणजे माणूस कितपत बरा जगतो, त्याला मार्क द्यायची. आता माणूस बरा जगतो का वाईट, हे बघायला एखाद्या मे महिन्यातल्या दुपारी त्याच्या दाराशी उभं राहिलं तरी पुरतं. पण तसं केलं तर तक्ते कशाचे काढणार? संस्थेच्या प्रमुख वसुंधराबाई मोठ्या शिकलेल्या, सुती साड्या नेसणाऱ्या आणि हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं, स्थानिक लोकांना भागीदार केल्याशिवाय मोजणी करायची नाही. म्हणून त्यांनी कमळाकरला भागीदार केलं. आणि कमळाकरला डोंगर चढायचा कंटाळा, म्हणून त्यानं भामाला भागीदार केलं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं भामाला पडवीतून पुढच्या ओटीवर बोलावलं. बस मात्र म्हटलं नाही. भामानं उभ्याउभ्याच विचारलं, की भागीदार म्हणजे धंद्यात वाटा असणारा, मग या धंद्यात माझा वाटा काय? कमळाकर हसला. म्हणाला, संस्था एका वाडीला बोअर मारून हातपंप देणार आहे. "वाडीला चांगले मार्क पडले पाहिजेत, भामा. वाडी चांगली दिसली पाहिजे. मग पंप आलाच समज."

खरी गोष्ट नेमकी उलट होती. ज्या वाडीला सगळ्यांत कमी मार्क, तिला पंप. कमळाकरला हे ठाऊक होतं का? कदाचित त्यानं विचारलंच नसेल. त्याला पडलेली काळजी वेगळीच. इतकी वर्षं आपण या वाडीचा उद्धार करतोय असं छातीठोक सांगितल्यावर, वाडीत मोडकी मडकी निघाली तर उद्धार कसला केला, असं कुणी विचारायचं! आणि वसुंधराबाईंनी ती अट वाडीत मुद्दामच सांगितली नव्हती. सांगितली की लोक असलेलं लपवतात आणि गरिबीचं सोंग आणतात, असा त्यांचा अनुभव. नसलेलं झाकायला धडपडणारी माणसंही जगात असतात, हे त्यांच्या अभ्यासात आलं नव्हतं.

मोजणी ठरली भाद्रपदात, गणपती गेल्यावर. ओढा तेव्हा दुथडी भरून वाहत होता. भामानं आदल्या दिवशी सगळ्या बायांना गोळा करून दम भरला. पावणे पंपासाठी येतायत, कुणी मुकाट बसायचं नाही, कुणी फाटकं नेसायचं नाही, आणि पावण्याला कुठल्याही घरात जमिनीवर बसवायचं नाही. सारवणं झाली, दारात रांगोळ्या निघाल्या.

वसुंधराबाई आल्या, बरोबर लिहून घेणारी दोन तरुण माणसं आली, आणि कमळाकर धापा टाकत मागून आला. पहिलं घर भामाचं. तिथे खुर्चीवर वसुंधराबाई बसल्या, स्टीलच्या तांब्यातून पाणी प्यायल्या, कोपऱ्यात रेडिओ होता तो त्यांनी पाहिला. प्रश्न झाले. त्या उठून पुढच्या दारानं बाहेर पडल्या, आणि साळू खुर्ची डोक्यावर घेऊन मागच्या दारानं पळत सुटली. एकीनं तांब्या उचलला, एकीनं रेडिओ. पुढच्या वाटेनं पाहुणे सावकाश चिखल चुकवत यायचे, तोवर मागच्या वाटेनं खुर्ची पुढच्या घरात जाऊन बसलेली असायची. पाहुणी टेकली की तिचा हात आपसूक त्या लाल चिंधीवर पडायचा. असं घरामागून घर चाललं. वाडीतल्या बायांना गंमत वाटत होती आणि अभिमानही वाटत होता. मुलगी बघायला आल्यावर सुद्धा एवढी व्यवस्था कधी जमली नव्हती.

आणि वसुंधराबाई! लोकांचं आयुष्य मोजायला निघालेल्या या बाईला, आपण सकाळपासून बसतोय ती खुर्ची ओळखू आली नाही. मध्येच एकदा त्यांनी चिंधीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, की इथे सगळ्या घरांत एकाच प्रकारच्या खुर्च्या कशा? भामा सांगायला तोंड उघडणार होती. खुर्ची दाजीची आहे आणि पाहुण्याबरोबर फिरते, हे सांगण्यात तिला काहीच लाज नव्हती. पण कमळाकरनं तिला बोलूच दिलं नाही.

"आमच्या मंडळानं वाटल्यात, ताई," तो म्हणाला. त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

वसुंधराबाईंनी मान डोलावली आणि तरुणांनी ते लिहून घेतलं. भामा गप्प राहिली. तिला वाटलं, एवढा मोठा माणूस खोटं बोलतोय तर त्यात वाडीचं काही भलं असेल. तेवढ्यात पाण्याचा प्रश्न निघाला. उन्हाळ्यात ओढा आटतो, हे तिनं दोनदा सांगितलं. पण खालून ओढ्याचा एवढा आवाज येत होता, की वसुंधराबाईंना तिला पुन्हा मोठ्यानं बोल असं सांगावं लागलं. मग कमळाकरच म्हणाला, की थोडं कमी होतं उन्हाळ्यात, सगळीकडेच होतं.

माघात पनवेलला एका सभागृहात निकालाचा कार्यक्रम झाला. कमळाकरनं भामाला खास बोलावलं होतं, आणि येताना तुमचा तो पारंपरिक पेहराव करून ये, असा निरोप होता. भामानं धुवट लुगडं नेसलं आणि साळूला बरोबर घेतलं. साळूला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा लागला होता. दिवाळी झाल्यावर सगळी वाडी भट्टीवर गेली, पण भामानं सुनेला जाऊ दिलं नाही. वाटेत साळूनं एकदाच विचारलं, की पंप चैत्रापर्यंत बसेल का. भामा म्हणाली, बसेल.

सभागृहात भामाला व्यासपीठावर बसवलं. पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, नवी कोरी. कमळाकरच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर. खोटं कशाला बोला, भामाला बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या पडवीत उभी राहिली, त्याच्या मांडीला मांडी लावून बसताना तिच्या मानेत नेहमीपेक्षा जरा जास्तच ताठा आला.

भाषणं झाली. लोकसहभाग, सक्षमीकरण, शाश्वत विकास. शब्दांची नुसती खैरात. मग वसुंधराबाईंनी तक्ता लावला आणि सांगितलं, की पाहणी केलेल्या वाड्यांत जीवनमानात कुंभ्याची वाडी पहिली. टाळ्या पडल्या. कमळाकर उठून हात जोडून उभा राहिला. भामानं खाली बसलेल्या साळूकडे बघितलं आणि दोघी हसल्या. पहिली! भामाला रडू येईल असं वाटलं. म्हणूनच की काय, बाईंचं पुढचं वाक्य तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. सगळ्यांत शेवटी आलेली टेपाची वाडी, आणि हातपंप तिला.

भामानं शेजारी वाकून कमळाकरला विचारलं, की पंप आपल्याला ना? कमळाकर टाळ्या वाजवता वाजवता हळूच म्हणाला, की नाही गं, आपल्याला गरज नाही असं निघालंय.

भामा उठली. माईक कसा धरायचा तिला ठाऊक नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. मोळ्या विकून कमावलेला तिचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"खुर्ची एकच हाय, बाय. दाजीची. आमी पळवत होतो मागल्या वाटंनं. तुमी समद्या घरांत तिच्यावरच बसलात. आमच्याकडं काय पन नाय. पानी पन नाय."

सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे काही नाही, हे वाक्य तिनं उभ्या जन्मात कुणापुढे उच्चारलं नव्हतं. पडवीत ओंजळ पुढे करतानाही नाही. ते आज शंभर माणसांसमोर, सुनेदेखत, कमळाकरच्या तोंडावर उच्चारावं लागलं. पण उच्चारलं. आता तरी पंप मिळेल, एवढ्या एका आशेवर तिनं सगळ्या वाडीची अब्रू व्यासपीठावर उघडी केली.

कमळाकरच्या कपाळावर घाम आला. पण वसुंधराबाई डगमगल्या नाहीत. अशी माणसं कधी डगमगत नाहीत. त्यांचा चेहरा उलट खुलला. हळू आवाजात त्या म्हणाल्या, की हे फार मोलाचं आहे. वस्तू वाटून घेणं, एकमेकांना धरून राहणं, हीच तर खरी श्रीमंती. आपल्या मोजणीत परस्पर सहकार्याला मार्कच नव्हते, ही आपली चूक. ते धरले तर कुंभ्याची वाडी आणखी वर जाईल. यावर पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा मोठ्या. काही बायकांनी डोळे पुसले. पंपाचं काय, हे त्या सभागृहात एकानंही विचारलं नाही. मंजुरी आधीच होऊन गेली होती आणि जेवणाची वेळ झाली होती.

शेवटी स्थानिक भागीदाराचा सत्कार. नारळ दिला, शाल दिली. आणि वसुंधराबाईंना ऐन वेळी काय सुचलं कोण जाणे, त्यांनी भामा बसली होती तीच प्लॅस्टिकची खुर्ची तिला भेट देऊन टाकली. आता वाडीत दोन झाल्या, असं त्या हसून म्हणाल्या. फोटो निघाला. त्या फोटोत भामा एका हातानं खुर्ची धरून उभी आहे आणि कमळाकर दात दाखवतोय.

खुर्ची टाकून यावं, असं भामाच्या मनात दहादा आलं. पण टाकली असती तर तीही कमळाकरच्याच घरी गेली असती आणि तिच्यावर मांजर झोपलं असतं. तिनं ती उलटी करून मोळीसारखी डोक्यावर घेतली. बाजारातून जाताना कुणीतरी हसून विचारलं, की आज लाकडाऐवजी खुर्च्या विकायला काढल्या का. भामा वळली नाही. तिला चीड आली होती. कमळाकरची आली होती, त्या गोड बोलणाऱ्या बाईची आली होती, पण सगळ्यांत जास्त स्वतःची आली होती. भाद्रपदात आपण गप्प का बसलो, एवढंच तिला खात होतं. साळू मागून चालत होती आणि पंपाचं पुन्हा काही विचारत नव्हती.

वाडीत दाजीनं ती खुर्ची हात लावून बघितली. पायात बळ नाही हिच्या, असं म्हणाला आणि आपल्या लोखंडी खुर्चीवर जाऊन बसला.

होळी झाली, ओढा आटला. भामानं वाळूत खड्डा खणला. खड्डा यंदा आणखी खोल लागला आणि पाणी आणखी हळू झिरपू लागलं. हंडे आता भामाच वर न्यायची. साळूला ती चढ चढू द्यायची नाही, पण वाटीनं हंडा भरायला तर कुणीतरी हवंच. मग एक दिवस भामानं ती पांढरी खुर्ची ओढ्यात आणली, करंजाच्या झाडाच्या सावलीत वाळूत घट्ट रोवली आणि साळूला तिच्यावर बसवलं.

वैशाखात भर दुपारी कमळाकर वसुंधराबाईंना घेऊन आला. संस्थेला परस्पर सहकार्याची नवी मोजणी करायची होती आणि त्यासाठी भागीदार हवा होता. वर वाडीत उन्हाच्या वेळी दाराबाहेर चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती दोघं शोधत शोधत ओढ्यात उतरली. बाईंचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, कमळाकरचा सदरा पाठीला चिकटला होता. कुठे टेकावं म्हणून दोघं इकडेतिकडे बघू लागली. सावली एवढीशी, तिच्यात खुर्ची एक, आणि खुर्चीवर भरल्या दिवसांची साळू.

साळू उठू लागली. कुणी तिला शिकवायला नको होतं, लहानपणापासून हेच बघत आली होती. पाहुणा आला की खुर्ची पाहुण्याची. तिनं एक हात कमरेला लावला आणि दुसरा खुर्चीच्या हातावर टेकला.

भामानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "पावन्यांना उभं ऱ्हाऊंदे."

वसुंधराबाईंना ते ऐकू गेलं. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. भामानं खड्ड्याकडे बोट दाखवलं. तळाला वाटीभरसुद्धा साचलं नव्हतं. झिरपेपर्यंत थांबावं लागेल, असं तिनं सांगितलं आणि ती काठावर बसली. ती दोघं उन्हात उभी राहिली.